सुराला नऊ

मार्च लागला की माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या सैल होतात. सकाळी सुरात लावलेल्या तारा दुपारी कॉलेजातून येऊन पाहाव्यात तर पार ढिल्या पडलेल्या असतात. हवेतली ओल संपते, लाकूड आक्रसतं आणि खुंटी भोकात गरागरा फिरायला लागते. मग फळ्याच्या खडूचा तुकडा घ्यायचा, खुंटीला चोळायचा, दाबून बसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सूर लावायचा. खिडकीबाहेर कडुलिंब फुललेला असतो. आठवड्यातून एकदाच येणारं नळाचं पाणी आज येणार की उद्या, याची गल्लीत चौकशी चाललेली असते. टेबलावर बारावीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा असतो. मी फिजिक्स शिकवते. तीस वर्षं लाल पेन हातात आहे. अर्ध्या गुणासाठी रडलेली मुलं पाहिली, भांडायला आलेले बापही पाहिले. एकदा गठ्ठा बांधून दिला की मी तो विसरते.

तीन वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये मी एका कागदावर दिलेले गुण मात्र अजून विसरता आलेले नाहीत. ऊन तापायला लागलं, खुंटी सुटली, की तो कागद डोळ्यांपुढं येतो. त्यावर निळ्या शाईत माझी सही आहे. ‘सूर’ या शब्दापुढं वीसपैकी नऊ.

ते नऊ गुण मी माझ्या गुरूंना दिले होते.

साळवे सर छावणी भागात राहतात. चर्चच्या मागच्या गल्लीत त्यांचं बैठं घर आहे. नोकरी पाटबंधारे खात्यातली, कचेरी पैठणला. रोज सकाळी एसटीनं जायचं, संध्याकाळी परत यायचं. व्हायोलिन एसटीत नेता येत नसे, म्हणून सर मांडीवर छत्री आडवी धरून तिच्या दांड्यावर डाव्या हाताची बोटं चालवायचे. कंडक्टरला वाटायचं, साहेबांना काहीतरी बोटांचा आजार आहे. घरी आले की चहा घेऊन लगेच चर्चच्या हॉलमध्ये. तिथं ज्याला यायचं त्यानं यावं. मी सहावीत असताना आईचं बोट धरून गेले ती बी.एस्सी.पर्यंत जात राहिले. पुढं लग्न, नोकरी, मुलं यात वाजवणं घरापुरतं उरलं, पण सरांकडं जाणं सुटलं नाही.

सरांनी निवृत्तीनंतर बारा जणांचा एक वाद्यवृंद उभा केला. सगळी तंतुवाद्यं. व्हायोलिन, त्याहून थोडा मोठा आणि घोगरा व्हिओला, गुडघ्यांत धरून वाजवायचा चेलो. सोबतीला एक कीबोर्ड. वाजवणाऱ्यांत शिक्षिका, औषधांच्या दुकानातली वैशाली, एक निवृत्त पोस्टमास्तर, दोन इंजिनियर. आणि सरांना वेड एकाच गोष्टीचं. तीनशे वर्षांपूर्वी युरोपात लिहिले गेलेले बरोक काळातले कॉन्चेर्टो.

“कॉन्चेर्टो म्हणजे काय सर?” असं मी सहावीत विचारलं होतं. सरांनी चर्चच्या भिंतीपलीकडं बोट दाखवलं. पलीकडच्या गल्लीत भजनी मंडळ बसलेलं होतं.

“ऐक. बुवा एकटे म्हणतेत, मागं सगळे धरतेत. पुन्हा बुवा, पुन्हा सगळे. व्हय की नाय? तसंच हे. फक्त इथं बुवा काय करतो, त्याच्याइतकंच मागचे काय करतेत तेही ऐकायचं.”

हे ऐकणं त्यांनी आम्हाला शिकवलं. एकल वादकाची बोटं भराभर पळायला लागली की सगळं सभागृह त्याच्याकडं बघतं. सर म्हणायचे, तेव्हा व्हिओलाकडं कान द्या. मधली माणसं झोपलीत का जागी आहेत, ते बघा. तळाला चेलोची ओळ चालते ती नुसती ओढत नेतात की पावलं टाकत नेतात? सुरांचं एकच वाक्य दोनदा आलं तर दुसऱ्यांदा ते लांबून आल्यासारखं ऐकू येतं का? जोरात आणि हळू यांच्यात पायरी आहे का, की सगळा घसरगुंडीचा प्रकार? द्रुत भागात पायाला नाचावंसं वाटलं पाहिजे. संथ भागात कागदावर सूर थोडेच लिहिलेले असतात. त्या मोकळ्या जागेत वादक काय करतो, यावरून तो कळतो. आणि हे सगळं ऐकायच्या आधी सूर. वाजवायच्या आधी दहा मिनिटं सर बो, म्हणजे गज, फिरवून नुसते सूर लावायचे. दोन तारा जवळजवळ एका सुरात असल्या, पण पुरत्या नसल्या, की त्यांच्यातून एक थरथर ऐकू येते, वॉव्-वॉव्-वॉव् अशी. पुढं कॉलेजात तिला विस्पंद म्हणतात हे कळलं. सरांना तो शब्द माहीत नव्हता. ते म्हणायचे, “दोघींचं भांडण चालूय. मिटव.”

त्या वर्षी शहरात पहिल्यांदाच अशा वाद्यवृंदांची स्पर्धा ठरली. पाच संघ. प्रत्येकानं एक बरोक कॉन्चेर्टो वाजवायचा. पहिला येईल त्याला मुंबईच्या मोठ्या संगीत महोत्सवात वाजवायला मिळणार. तीन परीक्षकांत माझं नाव आलं. मी संयोजकांना फोन केला आणि सांगितलं की साळवे सर माझे गुरू आहेत, मला वगळा.

“मॅडम, या शहरात व्हायोलिन धरणारं कोण त्यांच्याकडं शिकलेलं नाय? तुम्हाला वगळलं तर आणायचं कुणाला?” ते म्हणाले.

सरांना सांगितलं तर ते खूश झाले. “चांगलंय. आम्हाला जरा जास्त कडक तपास.”

सर स्वतः वाजवणार होते. दोन व्हायोलिनांचा कॉन्चेर्टो निवडला होता. पहिलं व्हायोलिन सना, दुसरं सर. सना तेव्हा सत्तावीस वर्षांची असेल. शहागंजातल्या उर्दू शाळेत गणित शिकवायची. वडिलांचं गुलमंडीत कापडाचं दुकान. दहा वर्षांची असताना ती पहिल्यांदा हॉलच्या दारात येऊन उभी राहिली आणि सरांनी हातातलं व्हायोलिन तिच्या हातात दिलं, तेव्हापासून ती त्यांच्या घरातलीच. आमच्या सगळ्यांत तिचा हात सर्वांत चांगला. माझ्यापेक्षा कितीतरी.

परीक्षक झाल्यावर मी सराव ऐकायला जाणं बंद केलं. स्पर्धेला आठ दिवस होते तेव्हा फक्त एकदा, स्वरलिपीची एक वही परत करायला सरांच्या घरी गेले. दुपारचे चार. सर आतल्या खोलीत वाजवत होते. मी दारावरची बेल वाजवली. आत काही हालचाल नाही. पुन्हा वाजवली. रूथकाकू मागच्या अंगणातून ओल्या हातानं धावत आल्या.

“त्यांना बेल ऐकू येत नाय हल्ली. पंखा असतो ना जोरात,” त्या म्हणाल्या.

आतून ‘अ’ची तार ऐकू आली, सगळे ज्या सुराला मिळवून घेतात ती. मी वही हातात धरून तशीच उभी राहिले. तार उतरलेली होती. पुष्कळ उतरलेली. सर तिच्यावर हळूहळू बो फिरवत होते आणि माझ्या कानांदेखत खुंटी आणखी खाली नेत होते. ज्यांनी मला केसाएवढा फरक ऐकायला शिकवलं, ते सर भलत्याच सुरावर थांबले आणि समाधानानं वाजवायला लागले.

मी काकूंकडं बघितलं. त्यांना संगीत कळत नाही, पण माझा चेहरा कळला.

“बोलू नको सुनंदा,” त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या. “स्पर्धा होऊ दे. आयुष्यात एकदा तो माणूस मुंबईच्या स्टेजवर उभा राहील. मग मीच नेते डॉक्टरकडं.”

वही काकूंच्या हातात दिली, ताक पिऊन जा म्हणाल्या तरी थांबले नाही. पुढचे आठ दिवस मी उत्तरपत्रिका तपासल्या आणि एकेक पान दोनदा तपासलं, कारण पहिल्यांदा काय वाचलं तेच आठवत नसे. आत जाऊन सरांना सांगितलं असतं तर? अजून आठ दिवस होते. दुसऱ्या कुणी ते व्हायोलिन वाजवलं असतं. हा प्रश्न मला आजही सुटलेला नाही. खरं सांगण्याची वेळ होती तेव्हा मी गप्प बसले, आणि नंतर कागदावर खरं लिहिलं.

स्पर्धेच्या दिवशी पारा चढलेला. दुपारी दोनला सुरुवात. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार मोठे कूलर, त्यांची घरघर एवढी की शेवटी बंद करावे लागले. मग सभागृह भट्टीसारखं तापलं. वादक स्टेजवर येत, सूर लावत, आणि वाजवायला लागेपर्यंत तारा पुन्हा हललेल्या असत. मधल्या खुर्चीवर पुण्याचे बापट सर, मुख्य परीक्षक. अतिशय सभ्य, अतिशय जाणते, समोर फोन ठेवलेला, त्यावर सूर मोजायचं ॲप उघडं. त्यांच्या पलीकडं नाशिकच्या डिसोझा बाई, पियानो शिकवणाऱ्या. प्रत्येकाच्या हातात कागद. सूर, लय, एकमेकांचं ऐकणं, शैली, एकूण परिणाम. प्रत्येकाला वीस गुण.

पुण्याचा संघ तिसऱ्या पाळीला स्टेजवर आला आणि काचेसारखं स्वच्छ वाजवून गेला. बोट कुठं घसरलं नाही. द्रुत भाग तर असा, की दाणे निवडून ताटात ओतावेत. मला त्यात एकच गोष्ट कमी वाटली. कुणी कुणाकडं बघितलं नाही. सगळे समोरच्या कागदाकडं बघून एकाच वेळी बरोबर वाजवत होते. तरी गुण भरपूर दिले. द्यायलाच हवे होते.

सरांचा संघ सगळ्यांत शेवटी स्टेजवर आला. रमजानचा महिना होता. सनाचा रोजा. ओठ कोरडे पडलेले, पण खांदे सरळ. सर पांढरा सदरा घालून तिच्या डाव्या हाताला उभे राहिले. सनानं ‘अ’ दिला, सगळ्यांनी मिळवून घेतला. सरांनी लावला तेव्हा त्यांची तार किंचित खाली राहिली.

पहिला भाग द्रुत. त्यात फार काही कळलं नाही. वेगात सरांची बोटं पन्नास वर्षांच्या सवयीनं जागेवर पडत होती. थोडं कुरकुरत होतं, एवढंच. बापट सरांनी फोनकडं बघितलं, काही लिहिलं नाही.

मग संथ भाग. दोन व्हायोलिनं एकमेकांच्या मागं येतात, एकानं सोडलेला सूर दुसरं उचलतं, खाली बाकीचे हलकेच पावलं टाकत असतात. सनानं पहिलं वाक्य म्हटलं. शुद्ध, सरळ. सरांनी ते उचललं आणि ते खाली गेलं. दोघांच्या मधून ती थरथर निघाली, वॉव्-वॉव्-वॉव्. मी पेन घट्ट धरलं. मनात मात्रा मोजत राहिले, दोन, तीन. आता सभागृहाला कळणार. पुढच्या रांगेत रूथकाकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या.

आणि थरथर थांबली.

आधी मला वाटलं, सर वर आले. नाही, सर तिथंच होते. सना खाली आली होती. बोट तारेवर जरासं मागं घेऊन ती त्यांच्या सुराला जाऊन मिळाली होती. मग चेलो गेला. मग व्हिओला. कीबोर्डला असं सरकता येत नाही. तिथं बसलेल्या वैशालीनं दोन्ही हात शांतपणे उचलून मांडीवर ठेवले. सर पुढच्या वाक्यात आणखी थोडे उतरले आणि सगळा वाद्यवृंद त्यांच्याबरोबर उतरला. घरातलं म्हातारं माणूस जिना उतरताना बाकीचे त्याच्या पायरीनं उतरतात, तसं.

मी व्हायोलिनवाल्यांची बोटं बघितली. मोकळी तार वाजवली तर ती आपल्या ठरल्या सुरातच वाजणार, तिला खाली नेता येत नाही. म्हणून त्या ओळीत प्रत्येक जण मोकळी तार टाळून चौथ्या बोटानं तोच सूर घेत होता. करंगळी ताणून, एकाच वेळी, सगळे. हे आयत्या वेळी सुचलेलं नव्हतं. हे बसवलेलं होतं.

एवढं एकमेकांना ऐकणारं वादन मी त्याआधी ऐकलं नव्हतं. डिसोझा बाईंनी चष्मा काढला. बापट सरांच्या फोनवरचा काटा मात्र लाल पट्ट्यात खाली पडलेला होता. आणि मधोमध सर डोळे मिटून, चेहऱ्यावर पूर्ण समाधान घेऊन वाजवत होते. त्यांना सगळं सुरात ऐकू येत होतं.

परीक्षकांच्या खोलीत पंखा फिरत होता तरी कागद घामानं ओले होत होते.

“सूर खाली गेला,” बापट सर म्हणाले. “पण सगळेच बरोबर गेले. असं मी कधी पाहिलं नाही. आणि त्या काळात तरी ‘अ’ कुठं एक होता? गावागणिक वेगळा. आपण सुराला सोळा-सतरा द्यावेत असं मला वाटतं. साळवे सरांचं या शहरातलं काम, त्यांचं वय...”

“मी अठरा दिलेत,” डिसोझा बाई म्हणाल्या.

माझ्या कागदावर नऊ होते. एकमेकांच्या ऐकण्याला मी वीसपैकी वीस दिले होते, आयुष्यात पहिल्यांदाच कशाला तरी पूर्ण गुण. पण सुरापुढं नऊ.

“गावागणिक ‘अ’ वेगळा होता सर, पण एकाच गाण्यात तो घसरत नव्हता,” मी म्हणाले.

“तुम्ही त्यांच्या विद्यार्थिनी ना?” डिसोझा बाईंनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. त्याचंच मला जास्त लागलं.

“म्हणूनच,” मी म्हणाले. पुढं काय बोलणार? सरांना कमी ऐकू येतं हे सांगणं म्हणजे त्यांनाच कळायच्या आधी दोन परक्या माणसांना सांगणं. बापट सरांनी माझा कागद माझ्याकडं सरकवला. “बदलायचे असतील तर अजून वेळ आहे,” ते म्हणाले. मी पेन उचललं. नऊचे एकोणीस करायला एक रेघ पुरली असती, इंग्रजी नऊच्या डावीकडं एक उभी रेघ. मी पेनाला टोपण लावलं.

पुण्याचा संघ पहिला आला. सरांचा दुसरा. अंतर माझ्या त्या नऊंमुळंच पडलेलं होतं.

बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. हॉलच्या पायऱ्यांवर सना बसली होती. जवळच्या मशिदीतून अजान झाली, तिनं डब्यातला खजूर तोंडात टाकला, पाण्याचा घोट घेतला. मी समोर उभी राहिले. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि मगच वर बघितलं.

“नऊ तुमचे ना, मॅडम?”

निकालाच्या वेळी आकडे वाचून दाखवले होते, नावं नव्हती. तरी तिनं ओळखलं होतं.

“हो.”

“तुमच्या कानाला आलं ना, आम्ही काय केलं ते?”

“आलं. म्हणून तर त्याला वीस दिले.”

“वीस आम्हाला दिले. नऊ सरांना दिले.” ती उठून उभी राहिली. “चार महिने झाले. सगळ्यांना मालूम होतं. सर घरी गेले की आम्ही हॉलमध्येच थांबायचो. पोस्टमास्तरकाका मुद्दाम खाली वाजवून दाखवायचे, आम्ही त्यांच्यामागं उतरायचो. कुठं मोकळी तार टाळायची, कुठं कीबोर्ड सोडायचा, सब लिहून ठेवलं. त्यांना एक अक्षर कळू दिलं नाय. मुंबईला पण असंच नेलं असतं त्यांना. आणि तुम्ही...” तिनं वाकून डब्याचं झाकण लावलं. “उद्या सकाळी कागद देणार हाय प्रत्येक संघाला. सर वाचतील ना तुमची सही.”

ते मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. माहीत असतं तर ती उभी रेघ मी ओढली असती का, हे मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

सना डबा उचलून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मी सरांचा फोन यायच्या आधीच निघाले. व्हायोलिनच्या पेटीतला, आपटला की एकच ठरलेला सूर देणारा नादकाटा पर्समध्ये टाकला. का टाकला, ते तेव्हा नीट ठरलेलं नव्हतं. सर ओसरीवर बसले होते. मांडीवर कागद. रूथकाकू आत होत्या, बाहेर आल्या नाहीत.

“बस,” सर म्हणाले. “वीस कशाला ते समजलं. पोरं चांगली ऐकून वाजवत होती. नऊ समजलं नाय. सांग.”

मी सांगितलं. कुठल्या वाक्यात ते खाली गेले, किती गेले, बाकीच्यांनी काय केलं, चौथी बोटं, वैशालीचे हात. पेपर तपासून झाल्यावर मुलाला चूक दाखवावी तसं ओळीनं सांगत गेले, कारण मध्ये थांबले असते तर पुढं बोलता आलं नसतं. मोठ्यानं बोलावं लागत होतं. गल्लीतून जाणारा भाजीवालासुद्धा वळून बघत होता.

मी पर्समधून नादकाटा काढला. त्यांनीच हात पुढं करून तो घेतला, गुडघ्यावर आपटला आणि उजव्या कानाशी नेला. मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. पुन्हा डाव्या.

“सुनंदे,” ते म्हणाले, “हे दोन सूर हायेत.”

“एकच आहे सर.”

“या कानात एक. या कानात चढा.” त्यांनी डाव्या कानाला हात लावला. व्हायोलिन त्याच कानाखाली असतं. “मला वाटायचं, माझं व्हायोलिन चढतंय. उन्हानं असेल. गेले सहा महिने मी उतरवतोय, उतरवतोय, आणि ते चढतच चाललंय.”

त्यांनी काटा माझ्या हातात परत दिला. थोड्या वेळानं ते हसले, पण ते हसू मला बघवलं नाही.

“बारा जण मिळून मला फसवत होते. किती मेहनत केली असंल पोरांनी.” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “आणि तुला कधीपासनं माहीत होतं?”

“आठ दिवस.”

“मग आठ दिवस आधी नाय आलीस?”

मी काटा पर्समध्ये टाकला. सरांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी त्या कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. आतून काकूंच्या रडण्याचा आवाज येत होता. तो फक्त मलाच ऐकू येत होता.

डॉक्टरांनी यंत्र दिलं. त्यानं बोलणं कळतं, बेल कळते. संगीत मात्र त्यातून पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं येतं, म्हणून सर वादनाच्या वेळी ते काढून ठेवतात. त्यांनी व्हायोलिन पुन्हा हातात घेतलं नाही. वाद्यवृंद मात्र मोडला नाही. सर रोज पाच वाजता हॉलमध्ये येतात, व्हिओलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसतात आणि बो बघतात. कुणाचा बो जड पडतोय, कोण आधी सुटतंय, कोण कुणाकडं बघत नाही, हे त्यांना अजूनही आमच्या आधी दिसतं.

सना माझ्याशी बोलेनाशी झाली. समोर आली की मान वळवायची. वैशाली एकदा औषधाच्या काउंटरवर मला म्हणाली, “ताई, तुम्ही चुकीचं केलं असं मी म्हणत नाय. पण सरांना अजून एक वर्ष मिळालं असतं.” मी गोळ्या घेऊन घरी आले. एक वर्ष. सर डोळे मिटून वाजवत होते तेव्हाचा चेहरा मला आठवतो. तसं पूर्ण समाधान मी त्यांच्या चेहऱ्यावर नंतर पाहिलेलं नाही. त्याच्यासमोर माझा खरेपणा ठेवला की तो फार लहान दिसतो. आणि तरीही, आज पुन्हा तो कागद समोर आला तर मी दुसरा आकडा लिहीन, असं मला मनापासून म्हणता येत नाही. सकाळी एक वाटतं, संध्याकाळी दुसरं.

गेल्या महिन्यात सरांचा निरोप आला. दुसऱ्या व्हायोलिनची जागा तीन वर्षं पोस्टमास्तर कशीबशी सांभाळत होते, आता त्यांचा खांदा दुखतो. “तू ये,” सर फोनवर ओरडून म्हणाले. यंत्र लावलेलं असलं तरी ते फोनवर ओरडतात.

मी गेले. पाच वाजता हॉलमध्ये ऊन तिरपं आलेलं होतं. सना उभी होती. तिनं मला बघितलं आणि ‘अ’ दिला. मी खुंटी खडू लावून बसवली आणि मिळवून घेतला. तोच कॉन्चेर्टो, तोच संथ भाग. तिनं पहिलं वाक्य म्हटलं. मी उचललं. तीस वर्षं घरात एकटीनं वाजवलेलं, त्यात समोर ती आणि बाजूला सर. तिसऱ्या सुरावरच दोघींमधून ती थरथर निघाली.

मी वाट बघितली. सना हलली नाही. वॉव्-वॉव्-वॉव् चालूच राहिलं. सगळे वाजवत होते, सगळ्यांना ऐकू येत होतं, सरांना सोडून. सना सरळ माझ्याकडं बघत होती. मग तिनं बो थांबवला. बाकीचेही एकेक करून थांबले.

“मॅडम, तुम्ही वर जाताय,” ती म्हणाली. तीन वर्षांनी ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. “मी नाय येणार वर. तुम्ही खाली या.”

सर खुर्चीतून पुढं वाकून विचारत होते, काय झालं, का थांबलात. सनानं व्हायोलिन पुन्हा हनुवटीखाली घेतलं आणि माझ्यासाठी तेच वाक्य पहिल्यापासून सुरू केलं.

मी बोट मागं घेतलं.